हुणसूरपर्यंतचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुनी लेडीज सायकल आहे. म्हैसूरच्या अग्रहार भागात एका शिंप्याच्या घरी, जिन्याखाली माझी जागा आहे. एके काळी मी काळी कुळकुळीत होते. आता माझा रंग कोणता म्हणायचा, ते तुम्हीच ठरवा. पण रंगाचं रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. मला एका दिवसाबद्दल सांगायचं आहे. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. नळ्या कापल्या, सांधल्या, रंगाच्या हौदात बुडवल्या आणि मालगाडीत भरून इतक्या लांब दक्षिणेत पाठवून दिलं. दुकानात मी बरेच दिवस दोरीला टांगून होते. लोक यायचे, घंटी वाजवून बघायचे आणि दुसरीच सायकल घेऊन जायचे. मग एका संध्याकाळी गळ्यात टेप अडकवलेले एक गृहस्थ आले. ते गणपतराव. भावसार समाजातले शिंपी. त्यांचे पणजोबा का खापरपणजोबा कधीतरी म्हैसुरात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड इतकी मिसळलेली की कुठली भाषा कुठे संपली ते त्यांनाही सांगता येणार नाही.

गणपतरावांनी घंटी वाजवून बघितली नाही. त्यांनी विचारलं, "ह्याला आरसा बसेल का?"

दुकानदार हसला. सायकलला कोण आरसा लावतं? पण गणपतरावांनी मोटारसायकलचा एक गोल आरसा पैदा केला आणि माझ्या उजव्या मुठीजवळ घट्ट बसवून घेतला. कारण मी त्यांच्या मुलीसाठी होते, आणि त्यांच्या मुलीला ऐकू येत नव्हतं.

तिचं नाव तुंगा. लहानपणी तिला मेंदूचा ताप आला. ताप उतरला, पण कान गेले. तोवर ती बोलायला शिकलेली होती, म्हणून बोलणं राहिलं. मात्र स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यानं तो सपाट झाला आणि जरा मोठा. समोरच्याचे ओठ बघून ती सगळं ओळखायची, मराठी आणि कन्नड दोन्ही.

मला घरी आणलं तेव्हा शेजारच्या नर्मदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "अय्यो गणपतराव, पोरीला कानानं ऐकू येत नाही नि तुम्ही सायकल देता? मागनं लॉरी आली तर कसं करेल?"

"मागचं दिसलं तर झालं, अल्वा, नाही का?" गणपतराव म्हणाले आणि माझा आरसा धोतराच्या सोग्यानं पुसू लागले.

झालंही तसंच. तुंगा शिवण शिकली, वडिलांच्या दुकानात बसू लागली, आणि शिवलेले कपडे माझ्या कॅरिअरवर बांधून घरोघर पोचवू लागली. लक्ष्मीपुरम, चामुंडीपुरम, थेट कुवेंपुनगरपर्यंत. दसऱ्याच्या आधी ब्लाउजांची गठडी एवढी उंच व्हायची की मागून तुंगा दिसायची नाही, नुसती गठडी चालल्यासारखी वाटायची. कितीतरी वर्षं आम्ही म्हैसूरचे रस्ते तुडवले. एकदाही कोणाला धडकलो नाही. ती आरशात बघायची. आणि माझं काही बिघडलं तर तिला तळपायांना नि तळहातांना कळायचं. चेन ढिली झाली, चाकाची तार तुटली, तर कान असलेल्या माणसांच्या आधी तिला समजायचं. मी तिच्यावर खूश होते आणि मला वाटतं तीही माझ्यावर.

मग गणपतराव वारले. तुंगाचा धाकटा भाऊ सत्यनारायण, त्यानं स्कूटर घेतली. "अक्का, आता रोडवर रश किती आहे बघ. तू नको जाऊस. मी सोडतो, मी आणतो." तो प्रेमानंच म्हणाला. पण त्याला वेळ असेल तेव्हाच तुंगाला जाता येऊ लागलं. मी जिन्याखाली गेले. माझ्या सीटवर जुन्या गोधड्या आल्या, हँडलला कांद्याची पिशवी. टायर बसले. मित्रांनो, उभ्या उभ्या गंजणं काय असतं ते सायकलीला विचारा.

बरीच वर्षं अशी गेली. आणि एका सकाळी दामोदरराव घरी आले.

दामोदरराव बँकेतून निवृत्त झालेले. केस पांढरे, अंग सडपातळ, डोक्यावर हेल्मेट. त्यांची सायकल एका बोटानं उचलावी इतकी हलकी. त्यांच्या घरचे ब्लाउज पूर्वीपासून तुंगाच शिवायची, म्हणून ती त्यांना मामा म्हणायची. ते तिच्यासमोर बसले आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश बोलू लागले. निवृत्त लोकांचा एक सायकल क्लब होता. आता त्यात तरुणही आले होते. त्या सगळ्यांनी म्हैसूरहून मंगळूरपर्यंत सायकलनं जायचं ठरवलं होतं. वाटेत लोकांकडून मदत गोळा करायची आणि गरिबांच्या ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांना कानाची यंत्रं द्यायची.

"तू आलीस तर किती छान होईल, तुंगा," ते म्हणाले. "ज्यांच्यासाठी निघालो, त्यांच्यातलं कोणीतरी आपल्यात पाहिजे ना?"

तुंगानं एकच विचारलं. "पूर्ण चालवायची ना, मामा?"

"पूर्ण! मग काय अर्धी?"

सत्यनारायण नको नको म्हणत राहिला. तुंगानं माझ्यावरच्या गोधड्या उचलल्या आणि मला उजेडात ओढलं. पन्नाशीला टेकलेली बाई आणि तिची गंजकी सायकल! मला नवे टायर आले, ब्रेकला नवं रबर आलं, अंगभर तेलपाणी झालं. फक्त एक गोष्ट राहिली. पेडलचा दांडा मधल्या आसाला एका लहानशा लोखंडी पाचरीनं घट्ट धरलेला असतो. तिला कॉटर म्हणतात. माझी डाव्या बाजूची कॉटर झिजली होती. दुकानदार म्हणाला, "चालतंय अजून." आणि ती तशीच राहिली.

पुढचे कितीतरी दिवस पहाटे उठून आम्ही सराव केला. आधी चामुंडी टेकडीच्या पायथ्यापर्यंत, मग श्रीरंगपट्टणपर्यंत. तुंगाचे गुडघे दुखायचे. ती तेल चोळायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायची. तिच्या दोन्ही पायांत पूर्वीचा जोर परत आला. मीही कुरकुर कमी केली.

आणि तो दिवस उजाडला. डिसेंबर होता, हवेत गारवा होता. राजवाड्याजवळच्या मैदानावर सगळे जमले. सूर्य वर यायच्या आत निघायचं, म्हणजे ऊन चढायच्या आत हुणसूर गाठता येईल, असं ठरलं होतं. पण निघणार कसं? पाहुणे आले नव्हते. मग पाहुणे आले, तर माइक चालेना. माइक चालला, तर भाषणं थांबेनात. तुंगा ओठ बघून बघून दमली. शेवटी तिनं व्यासपीठाकडे पाठ फिरवली आणि माझी चेन तपासत बसली.

मग फोटो. दामोदररावांनी तुंगाला हाताला धरून अगदी पुढे आणलं. माझ्या हँडलवर एक मोठी पाटी बांधली. तिच्यावर कन्नडमध्ये लिहिलं होतं, 'त्यांच्या कानांसाठी आमचे पाय'. मित्रांनो, त्या पाटीनं माझा आरसा पार झाकून गेला. तुंगानं ती बाजूला सरकवली, फोटोवाल्यानं परत मधे आणली. तिनं पुन्हा सरकवली, त्यानं पुन्हा आणली. मग ती हसली आणि राहू दिली. म्हणाली, "फोटोपुरतीच ना?"

पाहुण्यांनी हिरवा झेंडा हलवला. सगळे पुढे निघाले. तुंगानं पाटी सोडून बाजूला ठेवली, एक पाय पेडलवर ठेवला, आणि इतक्यात दामोदरराव आडवे आले.

"तुंगा, एक मिनिट. हे बघ. गावातनं बाहेर पडेपर्यंत तू आपल्या सामानाच्या व्हॅनमध्ये बस. रश आहे. बस, लॉरी, सगळे हॉर्न मारतात. तुला कळायचं नाही."

"मला आरसा आहे, मामा."

"आरसा आहे गं. पण सुम्मने, उगाच रिस्क कशाला? माझ्यावर जबाबदारी आहे. इलवाल आलं की उतर. मग चालव तुला हवी तेवढी."

मागे पाहुण्यांची गाडी अडली होती. लोक बघत होते. तुंगा काही बोलायच्या आत व्हॅनच्या ड्रायव्हरनं मला उचललं आणि पाण्याच्या डब्यांशेजारी आडवं करून दोरीनं बांधून टाकलं. जिथून ती वर्षानुवर्षं गठडी घेऊन रोज जायची, त्या रस्त्यावरून आम्हाला व्हॅनमधून नेलं! मी आडवी पडल्या पडल्या खिडकीतून बघत होते. इतर सायकली उन्हात चमकत, एकमेकींना मागे टाकत चालल्या होत्या. माझी चाकं हवेत होती.

इलवाल आलं. तुंगानं ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला, "थांबवा."

ड्रायव्हर आरशात तिच्याकडे बघून म्हणाला, "सर पुढे गेलेत अक्का. सरांनी सांगितल्याशिवाय मी कसं उतरवू?"

सरांना फोन लावला. सर सायकलवर होते, फोन उचलला नाही. व्हॅन चालत राहिली. बिळिकेरेला सगळे इडली खायला थांबले. तुंगा तरातरा दामोदररावांकडे गेली. त्यांच्या तोंडात घास होता, आणि तोंडात घास असला की ओठ नीट वाचता येत नाहीत. त्यांनी हातानंच खुणावलं, थांब, थांब. मग कोणीतरी त्यांना नकाशा दाखवायला आलं. मग शिट्टी वाजली आणि सगळे उठले. जाता जाता ते वळून म्हणाले, "पुढे रस्त्याचं काम चाललंय. हुणसूरला बघू, हं?"

हुणसूरला बघू. मित्रांनो, माणसाला नाही म्हटलं तर त्याला भांडता तरी येतं. पण 'पुढे बघू' याच्याशी भांडायचं कसं? तुंगा परत व्हॅनमध्ये चढली. तिनं माझा पुढचा टायर दाबून बघितला. हवा भरपूर होती. तिनं पुन्हा दाबला. नुसतीच दाबत राहिली.

हुणसूर आलं. उन्हं चांगलीच चढली होती. गावाबाहेर एका चहाच्या हॉटेलसमोर सगळे उतरले. एका स्थानिक संस्थेनं स्वागताला माणसं जमवली होती. त्यांच्यासमोर दामोदररावांनी तुंगाला पुन्हा पुढे बोलावलं आणि तिच्याकडे हात करून कन्नडमध्ये म्हणाले, "या आमच्या तुंगाक्का. यांना अजिबात ऐकू येत नाही, तरी आमच्याबरोबर आल्या आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईनं तिच्या गळ्यात हार घातला.

तुंगानं हार काढला, नीट गुंडाळून हॉटेलच्या टेबलावर ठेवला आणि व्हॅनकडे आली. दोरीची गाठ घट्ट होती. तिच्या कनवटीला कात्री असायचीच. तिनं दोरी सरळ कापली, मला ओढून खाली घेतलं आणि स्टँडवर उभं केलं. तेवढ्यात दामोदरराव धावत आले.

"हे काय, तुंगा? ऊन बघ किती आहे. पुढे चढ आहेत. तुझं वय बघ, ही सायकल बघ. सगळे तुझ्यासाठी थांबणार का?"

"थांबू नका," तुंगा म्हणाली. तिचा सपाट, मोठा आवाज रस्त्याच्या पलीकडेही ऐकू गेला असेल.

"अगं, तुझ्या चांगल्यासाठीच सांगतो मी. लोकांना काय, तू आलीस एवढंच पुरे."

"मामा, त्या पोरांना तुम्ही यंत्रं देणार ना?"

"हो. त्यासाठीच तर..."

"यंत्र दिलं म्हणून सगळं ऐकू येणार नाही त्यांना. मग काय करणार? त्यांनाही फोटो काढून व्हॅनमध्ये बसवणार?"

आजूबाजूचे सायकलवाले आपापल्या बाटल्यांतलं पाणी पिऊ लागले. तुंगा माझ्यावर बसली आणि निघाली.

मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. तुम्हालाही वाटलं असेल. पण रागानं चालवलेली सायकल फार नीट चालत नाही. तुंगा चढावर उभी राहून पेडल मारत होती. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं, पानं भाजायच्या उंच भट्ट्या, हवेत तो उग्र वास. इतर लोक गिअर बदलत सहज पुढे निघून गेले. आमच्या मागे फक्त व्हॅन राहिली. ती इतकी हळू आणि इतकी जवळून येत होती की तुंगाला आरशात दुसरं काही दिसतच नव्हतं. ती कुठे थांबते, कधी दमते, याची व्हॅन वाट बघत होती.

आणि अशा वेळी माझी डावी कॉटर सैल झाली.

आधी टक्क असा आवाज आला. मग दर फेरीला टक्क, टक्क. मग कर्र. मी होता होईल तेवढी कुरकुरले. त्याहून जास्त मी काय करणार? तुंगाच्या तळपायाला ते कळलं होतं, याची मला खात्री आहे. एरवी ती तिथल्या तिथे उतरली असती. पण तिनं आरशात बघितलं, मागे व्हॅन होती, आणि तिनं आणखी जोर लावला. उतरली असती तर व्हॅनचं दार उघडलं असतं. मी तिच्यावर चिडले. अगं बाई, थांब! माझं ऐक! पण ती तरी कशी थांबणार? दिवसभर जो तो तिला थांब म्हणत होता.

पुढे गेलेल्यांपैकी एक तरुण, शेषगिरी नावाचा, पाणी प्यायला झाडाखाली थांबला होता. आम्ही त्याच्या जवळून गेलो तेव्हा त्यानं माझा आवाज ऐकला. कॉलेजात शिकवायचा तो. सकाळपासून तुंगाकडे बघून लाजल्यासारखा हसायचा, पण जवळ यायचा नाही. आता तो सायकल मारत आमच्या बाजूला आला आणि हातवारे करू लागला. खाली बघा, पेडल बघा, थांबा. पण धुळीसाठी त्यानं नाकातोंडावर फडकं बांधलं होतं. त्याचे ओठ झाकलेले. तुंगाला दिसलं ते एवढंच, की आणखी एक जण हात वर करून थांब म्हणतोय.

"नाही थांबणार!" ती ओरडली आणि उतारावर मला सोडलं.

उतार संपला, चढ लागला, तिनं डाव्या पायानं जोरात दाब दिला आणि कॉटर निसटली. दांडा फिरला. तुंगाचा पाय घसरला आणि आम्ही दोघी रस्त्याच्या कडेच्या मातीत कोसळलो. माझा आरसा फुटला नाही, हे नशीब. तिचा गुडघा फुटला, कोपर खरचटलं.

शेषगिरीनं सायकल टाकली आणि तो धावत आला. बोलत होता, बोलतच होता. तुंगानं मातीतूनच हात लांब केला आणि त्याच्या तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"आता सांग. तोंड झाकून काय सांगतोस?"

तो हळू म्हणाला, "अक्का, पेडलमधनं आवाज येत होता. तेच सांगत होतो."

तुंगानं माझ्या लोंबणाऱ्या दांड्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. आणि तिला रडू आलं. सकाळपासूनचं सगळं त्या रडण्यात होतं. मी मातीत पडून होते. ज्यानं तिला थांबवायला नको होतं त्यानं अडवलं, आणि ज्यानं थांबवायला हवं होतं त्याच्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता. या सगळ्यात मोडले मात्र मी!

व्हॅन येऊन थांबली. दामोदररावही फोन मिळाल्यावर उलटे फिरून आले होते. त्यांनी तुंगाचा गुडघा बघितला, औषधाची पेटी काढली, स्वतः खाली बसून जखम धुतली. मग मान वर करून म्हणाले, "मी सांगितलं होतं, अल्वा? चल आता. सायकल चढवा रे."

ड्रायव्हरनं माझा मडगार्ड धरला. तुंगानं माझी सीट धरली. दोघांच्या ओढाओढीत मी अर्धवट उभी राहिले.

"सोड," तुंगा म्हणाली. "पेरियापट्टण जवळ आहे. तिथे सायकलचं दुकान असेल."

"चालत जाणार?" दामोदररावांनी विचारलं.

"चालत."

शेषगिरीनं व्हॅनकडे बघितलं, दामोदररावांकडे बघितलं आणि स्वतःची सायकल हातात धरली. "सर, मी आहे अक्कांबरोबर. तुम्ही व्हॅन पुढे न्या. प्लीज, पुढे न्या."

व्हॅन पुढे गेली. त्या दिवसात पहिल्यांदा आमच्या आरशात मोकळा रस्ता दिसला.

ते दोघे मला ढकलत चालले. शेषगिरी मुद्दाम तुंगाच्या समोर थोडा तिरका चालत होता, म्हणजे तिला त्याचे ओठ दिसतील. तसं चालता चालता दोनदा ठेचकाळला. पेरियापट्टणच्या दुकानात नवी कॉटर मिळाली. दुकानदारानं हातोडीचे घाव घालून ती बसवली. एवढंसं लोखंड आणि एवढंसं काम! म्हैसूरला कोणी केलं असतं तर?

आम्ही बैलकुप्पेला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मक्याच्या शेतांवर तिबेटी मठांचे सोनेरी कळस चमकत होते, दोऱ्यांना बांधलेल्या रंगीत पताका वाऱ्यावर फडफडत होत्या. उतरायची जागा मठाच्या अतिथिगृहात होती. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या होत्या, स्वागताचा फलक गुंडाळून ठेवला होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दामोदरराव पायरीवर बसले होते. ते उठून उभे राहिले. काहीतरी बोलावं असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं, पण शेवटी म्हणाले एवढंच, "जेवून घे. गरम आहे अजून."

पुढचे दिवस तुंगानं पूर्ण सायकल चालवली. मडिकेरीच्या घाटात मला ढकलत नेलं, पलीकडच्या उतारावर ब्रेक धरून धरून तिची बोटं सुजली. रोज ती सगळ्यांत शेवटी पोचायची. व्हॅन पुन्हा आमच्या मागे आली नाही. मंगळूरला पोचलो, मुलांना यंत्रं मिळाली, सगळं रीतसर झालं.

पण घरी आल्यावर सत्यनारायणनं तिच्यासमोर वर्तमानपत्र धरलं. त्यात राजवाड्यासमोरचा तो फोटो होता. पाटी, पाटीमागे मी, माझ्यामागे तुंगा. खाली लिहिलं होतं की या महिलेनं म्हैसूर ते मंगळूर हे पूर्ण अंतर सायकलनं पार केलं.

"बघ अक्का, केवढं छान आलंय!"

"खोटं आहे," तुंगा म्हणाली.

"खोटं कसं? तू गेलीस ना?"

"हुणसूरपर्यंत मी व्हॅनमध्ये होते."

"अय्यो, एवढंसं! कोण विचारतंय ते?"

त्यानंतर येता जाता कोणी ना कोणी तिचं कौतुक करी आणि प्रत्येक वेळी ती म्हणे, "हुणसूरपर्यंत नाही. हुणसूरपासून." लोकांना वाटे ती विनयानं बोलते आहे. ते आणखी कौतुक करत. ती आणखी चिडे.

शेवटी एका रविवारी सकाळी तिनं मला बाहेर काढलं, डबा कॅरिअरला लावला आणि राजवाड्याजवळच्या त्याच मैदानावर आणलं. आता तिथे माइक नव्हता, पाहुणे नव्हते. एक माणूस फुगे फुगवत बसला होता. आणि झाडाखाली दामोदरराव उभे होते, हातात आपली हलकी सायकल धरून. सत्यनारायणनं त्यांना सांगितलं असावं.

ते जवळ आले. तिच्यासमोर उजेडात उभे राहिले. हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट करत म्हणाले, "तुंगा, मी येऊ का बरोबर?"

ओळख झाल्यापासून त्यांनी तिला आधी विचारलं असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"या. पण मागनं यायचं, मामा. पुढं यायचं नाही."

"सरि, तसंच," दामोदरराव म्हणाले.

आम्ही निघालो. गावातली गर्दी होती, बस होत्या, लॉऱ्या होत्या. तुंगा रोजच्यासारखी त्यातून वाट काढत गेली. इलवाल आलं आणि गेलं. बिळिकेरेच्या अलीकडे एक लांब उतार लागला. तुंगानं ब्रेक सोडले. माझी चाकं गरगर फिरू लागली, वारा तिच्या पदरात शिरला.

मागून दामोदररावांनी सवयीनं हाक मारलीच, "तुंगा, सावकाश! सावकाश जा!"

तिला काही ऐकू आलं नाही. मला आलं. आणि मित्रांनो, खरं सांगते, त्या वेळी मी मुळीच कुरकुरले नाही.

हुणसूरला त्याच हॉटेलसमोर आम्ही उतरलो. तुंगानं दोन कॉफी सांगितल्या.

आता तुंगाचे गुडघे पहिल्यासारखे राहिले नाहीत आणि मी पुन्हा जिन्याखाली असते. पण माझ्यावर गोधड्या ठेवायची कोणाची हिंमत नाही. बाळांनो, तुमच्या घरी एखादी सायकल असेल तर तिला वेळेवर तेल द्या, तिची कुरकुर मनावर घ्या, झिजलेली पाचर 'चालतंय' म्हणून सोडू नका. आणि कोणाला सांभाळायचं तुमच्या मनात आलं, तर सांभाळा, जरूर सांभाळा. फक्त आधी त्याच्यासमोर उजेडात उभे राहा आणि त्यालाच विचारा, तुला काय हवं आहे. मग त्यानं काही सांगितलं, तर 'पुढे बघू' म्हणू नका.